परड्यातला नळ: चर बुजवण्याआधी बघायच्या गोष्टी

गेल्या एप्रिलात आमच्या परड्यातलं सगळं गवत वाळून पिवळं पडलं होतं, फक्त पेरूच्या झाडापासून चार हातांवर परातीएवढा एक तुकडा हिरवागार. बायकोला कौतुक वाटलं, मला शंका आली. कुदळ मारली तर दीड वितीवर चिखल, आणि चिखलात पाईपचा सांधा. पाईप आचेवर तापवून, फुगवून दुसऱ्यावर चढवलेला होता. दोन उन्हाळे कसाबसा तग धरला, तिसऱ्यात काळ्या मातीनं त्याला ओढून फाडलं. पाईप टाकणारा गडी केव्हाच दुसऱ्या गावी गेलेला. मग सगळी लाइन उपसून मीच नव्यानं टाकली. तेव्हा जे कळलं आणि पुढं सासुरवाडीला, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात दुसरी लाइन टाकताना जे पक्कं झालं, ते इथं लिहितोय.

आधी माती बघा, पाईप नंतर

थंड देशांत पाणी गोठून पाईप फुटू नये म्हणून तो चार-पाच फूट खोल पुरतात. इंटरनेटवरचे बरेचसे व्हिडिओ तिकडचेच असतात. बेळगावात कितीही गारठा पडला तरी जमिनीत पाणी गोठत नाही, त्यामुळे ते खोलीचे आकडे इथं कामाचे नाहीत. आपल्याकडे खोली ठरते ती कुदळीच्या घावानं, ट्रॅक्टरच्या चाकानं आणि मातीच्या स्वभावानं.

आणि माती आपल्याकडे दहा मैलांवर बदलते. दक्षिणेला आणि नैर्ऋत्येला खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तांबडी माती आणि खाली जांभा. शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडे भाताची काळी माती. ईशान्येला अथणीपर्यंत काळ्या रानाचे मोठे पट्टे. तांबडी माती जागेवरून फारशी हलत नाही, तिथं त्रास चिऱ्याच्या धारदार तुकड्यांचा. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, भेगेत हात जाईल एवढी. ही हालचाल पाईपच्या सांध्यावर येते. म्हणून काळ्या मातीत सांधे जितके कमी तितकं बरं.

माझा हिशेब असा. तांबड्या जमिनीत यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा पाईप चालतो, स्वस्तही पडतो. काळ्या जमिनीत एचडीपीईची गुंडाळी घ्यावी, तोच काळा लवचिक पाईप ज्यावर निळ्या रेघा असतात. शंभर फुटांची लाइन एका तुकड्यात, मध्ये एकही सांधा न देता टाकता येते. टोकांना हातानं आवळायची कॉम्प्रेशन फिटिंग मिळतात. सीपीव्हीसी गरम पाण्यासाठी असतो, परड्यात त्यावर पैसे घालू नयेत. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप जमिनीखाली गंजतो. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या घरातला जीआय उपसला तेव्हा आतून इतका भरून आला होता की पाणी जायला करंगळीएवढीही वाट नव्हती. जमिनीवर, नळाच्या उभ्या तुकड्याला मात्र जीआयच चांगला. वायरिंगचा पाईप किंवा सांडपाण्याचा पाईप उरलाय म्हणून कुणी पिण्याच्या पाण्याला लावू नये. हे सांगावं लागतंय, कारण मी लावलेला पाहिलाय.

दुकानात एक गोंधळ हमखास होतो. शेतीचा राखाडी पाईप मिलिमीटरमध्ये विकतात, तो बाहेरचा व्यास असतो: २०, २५, ३२. घरकामाचा पांढरा पाईप इंचात विकतात. पाऊण इंचीचा बाहेरचा व्यास २६.७ मिलिमीटर, म्हणजे तो २५च्या फिटिंगमध्ये जाणार नाही आणि सीपीव्हीसीच्या फिटिंगमध्ये तर नाहीच. मग गडी पाईप आचेवर धरतो. तापवून फुगवलेल्या जागी पाईपची जाडी कमी होते, आणि माझ्या परड्यातली हिरवळ तिथूनच उगवली. पाईप आणि फिटिंग एकाच जातीचं, एकाच दुकानातून, एकदमच घ्या. वेगळ्या जाती जोडायच्याच असतील तर आट्याच्या (थ्रेडच्या) फिटिंगनं जोडा.

पाऊण इंची की अर्धा इंची

बहुतेक घरांत परड्याचा नळ गच्चीवरच्या टाकीवर चालतो. स्लॅब दहा फुटांवर, त्यावर टाकीचा कट्टा चार फूट. नळाची तोटी जमिनीपासून दोन फूट. उरला फरक बारा फुटांचा, म्हणजे साधारण ३.७ मीटर. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक किलोचा दाब, हे धरलं तर आपल्या हातात आहे ०.३७ किलो. पावसात कौलावरून पडणाऱ्या पागोळीला लाजवेल असा काही हा दाब नव्हे. तो वाटेत खर्च होऊ द्यायचा नाही, सगळी कला तेवढीच.

पंधरा लिटरची बादली एका मिनिटात भरावी, असं धरून तीस मीटर लांबीचा हिशेब मांडला. अर्धा इंची पाईपमध्ये नुसत्या घर्षणात सुमारे ३.८ मीटर उंची खर्च होते, म्हणजे होतं नव्हतं तेवढं सगळं. पाऊण इंचीत जेमतेम एक मीटर. एक इंचीत एक फूट. कोपरे, चाव्या (व्हॉल्व्ह), तोटी यांचा खर्च निराळा. अर्धा इंचीत पाणी येतच नाही असं नाही, येतं, पण हळू. शेजारी दुसरा नळ उघडला की पहिल्याची धार सुतासारखी होते. त्यात पन्नास फुटांची अर्धा इंची रबरी नळी जोडली की संपलंच. भाव विचारून बघा, अर्धा आणि पाऊण इंचीत जो फरक आहे तो खोदाईच्या मजुरीपुढं काहीच नाही.

एक नळ असेल तर मुख्य लाइन पाऊण इंची. दोन-तीन नळ, गोठ्याचा हौद किंवा लाइन शंभर फुटांच्या पुढं असेल तर एक इंची, आणि शेवटी नळापाशी पाऊण इंची. एचडीपीईत हेच २५ आणि ३२ मिलिमीटर.

पाणी कुठून घ्यायचं

परड्यासाठी टाकीतून वेगळं तोंड काढा, त्याला वेगळी चावी लावा. आणि हे तोंड घराच्या तोंडापेक्षा सहा-आठ इंच वर भोक पाडून काढा. कुणी पोरानं नळ चालू ठेवला तरी टाकी परड्याच्या तोंडापर्यंतच रिकामी होते, स्वयंपाकघराचं पाणी शिल्लक राहतं. ही युक्ती मला सासऱ्यांनी सांगितली. “जावईबापू, म्हशीला पाणी कमी पडलं तर ती हंबरते, बायकोला कमी पडलं तर काय होतंय तुम्हाला ठाऊक आहे की.”

टाकीच्या चावीनंतर लगेच एक टी घालून वर उघडा पाईप सोडा, टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा फूटभर उंच. टाकी रिकामी होऊन पुन्हा भरते तेव्हा लाइनीत अडकलेली हवा इथून निघते. हा नसेल तर नळ खोकतो, थुंकतो, मध्येच बंद पडतो.

थेट सार्वजनिक नळावरून घेणार असाल तर मीटरच्या नंतर घ्या. बेळगाव शहराचं पाणी राकसकोप आणि हिडकलच्या धरणांतून येतं. २००८ पासून काही भागांत ते चोवीस तास मिळतं, बाकीच्यांना ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी. पाणी बंद होतं तेव्हा रिकामी होणारी लाइन मागे ओढ घेते. तुमची रबरी नळी त्या वेळी गोठ्याच्या हौदात बुडालेली असेल तर हौदातलं पाणी उलटं लाइनीत जातं, आणि दुसऱ्या दिवशी तेच कुणाच्या तरी हंड्यात येतं. म्हणून सुरुवातीलाच नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी चावी) बसवा, बाण पाण्याच्या दिशेला. शिवाय हौदाची तोटी पाण्याच्या पातळीपेक्षा वीतभर वर ठेवा. व्हॉल्व्ह कधीतरी बिघडतो, वीतभर हवा बिघडत नाही. नळाला थेट मोटार लावणाऱ्यांबद्दल गल्लीत बोललेलंच बरं.

आखणी आणि खोदाई

फक्कीनं जमिनीवर रेघ मारा आणि दोन दिवस तिच्यावरून चाला. गाडी कुठून येते, सरपण कुठं पडतं, मांडवाच्या मेढी कुठं रोवतात, तुळशी वृंदावन कुठं आहे. आमच्याकडे पहिली रेघ नेमकी लग्नात मांडवाचा खांब पुरतात तिथूनच गेली होती.

घराच्या भिंतीला समांतर जाताना पायापासून निदान तीन फूट लांब राहा. काळ्या मातीत पायाजवळ गळती झाली की तिथली माती फुगते आणि भिंतीला तडा जातो. सांधा बदलायला तासभर पुरतो, तडा गेला की गवंडी, सिमेंट आणि रंग. नारळ, आंबा, जांभूळ यांच्या बुंध्यापासून सहा फूट. शोषखड्डा, सेप्टिक टँक, गटार यांच्यापासून जितकं लांब जमेल तितकं, दहा फूट मिळाले तर उत्तम. गटार ओलांडायचंच असेल तर पाण्याचा पाईप वरून न्या, त्या जागी सांधा येऊ देऊ नका, आणि त्यावर जाड पाईपचं म्यान चढवा.

खणण्याआधी विजेची केबल, अर्थिंगचा खड्डा, ड्रेनेजची लाइन कुठं आहे ते घरातल्या सगळ्यांना विचारा. शहरातल्या काही भागांत आता घरगुती गॅसची लाइनही जमिनीतून आली आहे, तिच्या खुणेजवळ पहार चालवू नका, हातानं माती काढा.

खोदाईचा हंगाम दिवाळीनंतर. मिरगाच्या तोंडावर काढलेला चर म्हणजे नाला. मे महिन्यात काळी माती दगड होते, पहार उडते. वळवाचे एक-दोन पाऊस पडून गेल्यावर मात्र ती लोण्यासारखी कापली जाते, तो आठवडा मिळाला तर सोडू नये.

चर फूटभर रुंद, पावणेदोन फूट खोल. तळाला गादी घातल्यावर पाईपच्या वर सुमारे दीड फूट माती राहते. एवढ्यात कुदळ-खुरप्याची भीती जाते. गाडी किंवा ट्रॅक्टर जातो तिथं अडीच-तीन फूट खोल आणि वर दोन-तीन इंची पाईपचं म्यान. शंभर फूट चराची माती १७५ घनफूट, म्हणजे पावणेदोन ब्रास. ती एकाच बाजूला टाका. तांबड्या मातीत बारीक एका ढिगात, चिरे-दगड दुसऱ्या ढिगात, म्हणजे बुजवताना वेचत बसावं लागत नाही. आमच्या दोन गड्यांना दीड दिवस लागला, तिसऱ्या माणसानं फक्त बुट्ट्या उचलल्या आणि सगळ्यात जास्त चहा प्याला.

चराला उतार टाकीकडून नळाकडे, सलग. मध्ये उंचवटा राहिला तर तिथं हवा धरते, आणि आपला दाब इतका कमी की ती हवा ढकलली जात नाही. गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल नळीनं दर दहा फुटांवर बघा. अगदी खालच्या टोकाला एक टोपण किंवा चावी ठेवा, गाळ सोडायला.

पाईप निजवणं

तळाला तीन इंच गादी. नदीची वाळू आता दागिन्याच्या भावात, क्रशरची बारीक कच चालते. शंभर फुटांना पाव ब्रास पुरते. काळ्या मातीत पाईपच्या बाजूनं आणि वर सहा इंच काळी माती अजिबात नको, चाळलेला मुरूम किंवा कच भरा. एचडीपीई अगदी ताणून टाकू नका, चरात थोडा नागमोडी निजवा. माती ओढेल तेव्हा त्याला द्यायला काहीतरी असू दे. भिंतीवरून उतरून जमिनीत शिरतो तिथंही थोडी ढील ठेवा, कारण घर आणि माती एका तालात हलत नाहीत.

यूपीव्हीसीचे सांधे असे करा. करवतीनं काटकोनात कापा. कानशीनं आतली-बाहेरची कुसळं काढा. कोरडं बसवून बघा, पाईप कुठपर्यंत आत जातो तिथं पेन्सिलनं खूण करा. पुसून कोरडं करा. त्याच जातीच्या पाईपचं सोल्युशन घ्या, यूपीव्हीसीचं वेगळं आणि सीपीव्हीसीचं वेगळं. पाईपवर भरपूर, फिटिंगच्या आत पातळ. आत ढकलताना पाव फेरा फिरवा आणि तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरा, नाहीतर पाईप हळूच बाहेर सरकतो. बाहेर आलेलं सोल्युशन पुसा. चोवीस तास पाणी सोडू नका. पाऊस भुरभुरत असेल तर घरी बसा.

आट्यांना टेफ्लॉन टेप, आट्यांच्याच दिशेनं सात-आठ वेढे. जुने प्लंबर सफेदा आणि ताग मागतात. जीआय ते जीआय असेल तर त्यांना हवं ते करू द्या, प्लास्टिकवर नको. जिथं तोटी लागते तिथं पितळी आट्याचं फिटिंग घ्या. नुसत्या प्लास्टिकच्या आट्यात पितळी तोटी पान्यानं आवळली की फिटिंगला केसाएवढी चीर जाते, आणि ती आठ दिवसांनी बोलते. प्लास्टिकच्या आट्याला हातानं आवळून वर पान्याचा एकच फेरा.

भिंतीवरून उन्हात उतरणाऱ्या पाईपला रंग मारा. ऊन लागून पाईप ठिसूळ होतो.

नळाचा खांब

सगळ्यात जास्त मार इथं बसतो. पोरं तोटीला लोंबकळतात, म्हैस अंग घासते, रबरी नळी ओढली जाते. जमिनीतून वर येणारा तुकडा जीआयचा, खाली त्याच्या कोपऱ्याभोवती फूटभर चौरस काँक्रीट. सासुरवाडीला आम्ही जांभ्याचे चार चिरे एकावर एक रचून त्यात पाईप घेतला, तेव्हापासून म्हैस हरली आहे. तोटीची उंची दोन फूट ठेवा, म्हणजे घागर खाली सरळ उभी राहते आणि म्हातारीला फार वाकावं लागत नाही. हात धुण्यासाठीच असेल तर आणखी फूटभर वर. प्रत्येक फाट्यावर विटांच्या छोट्या पेटीत एक चावी ठेवा, एक तोटी बदलायला सगळं परडं कोरडं पाडायला नको.

सांडलेलं पाणी कुठं जाणार? तीन फूट लांब, रुंद, खोल खड्डा विटांच्या तुकड्यांनी भरला की तांबड्या मातीत पुरतो. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, तिथं नालीनं केळीकडे किंवा अळूकडे न्या. जांबोटीकडे पावसाळ्यात चार महिने परडं तसंही भिजलेलं, त्यामुळे खड्डा घराच्या उतारावर खाली हवा.

चर उघडा ठेवून एक रात्र

घाई इथंच होते. मजुरी द्यायची असते, माती ढिगात असते, पाहुणे यायचे असतात. तरी बुजवू नका.

आधी खालच्या टोकाची चावी उघडून पाणी सोडा, कच आणि प्लास्टिकचे तुकडे निघून जाईपर्यंत. तोटीत जाळी असेल तर तोवर ती काढून ठेवा. मग एकेक नळ उघडून हवा घालवा, सगळे बंद करा, टाकी भरा. प्रत्येक सांधा फडक्यानं कोरडा पुसा आणि त्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा सरकवा. सकाळी कागद बघा. रात्री दव पडतं, म्हणून वरून पोतं झाका, नाहीतर सगळेच कागद ओले दिसतील आणि प्लंबरशी उगाच भांडण होईल. आमच्या नव्या लाइनीत अकरा कागद कोरडे, एक ओला. त्या एकासाठी दोन इंच पाईप कापून नवा कपलर घातला आणि आणखी एक रात्र थांबलो. मोटारीवर थेट चालणारी लाइन असेल तर मोटार चालू ठेवून तपासा, आणि तिच्या प्रत्येक कोपऱ्यामागे काँक्रीटचा ठोकळा द्या, मोटार सुरू होताना पाईप लाथ मारतो.

बुजवण्याआधी फोटो काढा, टेप पसरून, भिंतीचा कोपरा दिसेल असा. कागदावर नकाशा काढा: कोपऱ्यापासून किती फूट, किती खोल, फाटा कुठं. माझा नकाशा मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे.

मग सहा इंच कच, किंवा तांबड्या जमिनीत चाळलेली माती, पाईपच्या दोन्ही बाजूंनी हातानं दाबून. त्यावर फुटक्या कौलांची एक ओळ. जुनी खानापुरी कौलं कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यामागे पडलेली असतातच. पुढं कधी कुणी कुदळ मारली तर आधी कौल वाजतं. घूस पोखरत आली तरी तिला आडवं काहीतरी लागतं, एचडीपीई तिला दाताला मऊ वाटतो. उरलेली माती सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी शिंपडून, धुम्मस मारून. पाईपच्या लगतच्या थरावर धुम्मस नको. शेवटी दोन-तीन इंच उंचवटा ठेवा, पहिल्या पावसात तो बसतो.

नवी लाइन टाकून वर्ष झालं. पेरूजवळचं गवत या एप्रिलात बाकीच्यांबरोबरच वाळलं. बायको म्हणते, तेवढं एक हिरवं होतं तेही घालवलं.